काका आणि वरचा बोल्ट

माणूस गाडीखाली आडवा झाला की येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याच्याशी बोलायचा हक्कच मिळतो. परवा माझे फक्त बूट बाहेर दिसत होते, तरी एका काकांनी त्या बुटांशी बोलणं सुरू केलं.

"बेअरिंग गेलं वाटतं."

काही गेलं नव्हतं. फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या पुढच्या डिफरन्शियलचं, म्हणजे इंजिनचा जोर दोन चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल बदलायचं होतं, एवढंच. "आवाज आला म्हणजे बेअरिंगच असतं असं नाही, काका," मी म्हणालो. नको होतं म्हणायला. काकांच्या मेव्हण्याचाही ट्रक निघाला, आणि तो आवाज करत होता.

"कसा आवाज?"

"घूंऽऽऽ." काकांनी तोंडाने काढला. रस्त्यावरचे दोघे थबकले.

"ॲक्सिलरेटर दाबल्यावरच वाढतो का?"

काकांनी डोळे मिटून पाय दाबला. "घूंऽऽऽ. हो."

"मग क्राउन-पिनियनचे, म्हणजे आतल्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीचे, दात नीट बसत नसतील. पाय सोडला तरी तसाच राहून नुसता वेगाबरोबर वाढत असेल, तर बेअरिंगचा संशय. त्यातही पिनियनचं, म्हणजे छोट्या गिअरचं, बारीक सुरात गातं, कारण ते जास्त वेगाने फिरतं. दातांचा रेशो 4.10 असेल तर चाकाच्या एका फेऱ्याला पिनियन 4.1 वेळा फिरतं."

"आणि कट-कट-कट?"

"फक्त वळताना? सीव्ही जॉइंट, चाकाकडे जोर नेणारा वळता सांधा. त्यासाठी डिफरन्शियल खोलू नका."

"आणि धाड?"

"गिअर टाकताना असेल तर आधी प्रॉपेलर शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलला जोर आणणाऱ्या दांड्याचे, क्रॉस-सांधे बघा."

यावर काका इस्त्रीच्या शर्टासकट वाकले आणि पिनियनचा फ्लँज, म्हणजे त्याची बाहेरची चकती, धरून फिरवला. "हलतोय की!" गोल फिरवताना किंचित ढिला लागणारच, दातांमध्ये तेवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. वर-खाली हलला असता तर काळजी. तसा तो हलला नाही. काकांचा चेहरा पडला.

या प्रश्नोत्तरांच्या भरात मी खालचा ड्रेन बोल्ट काढला. काळं ऑइल ट्रेमध्ये पडू लागलं, आणि वरून आवाज आला, "वरचा उघडतो का ते आधी बघितलंत?"

नव्हतं बघितलं. ज्यातून नवं ऑइल भरायचं तो वरचा बोल्ट आधी सैल करायचा, मग खालचा काढायचा, हे मी स्वतः दहा जणांना शिकवलंय. वरचा अडकला आणि खालचा निघून गेला, की ट्रक जागचा हलवायचा नाही. बोल्ट अडकलेलाच होता. मागच्या कारागिराने तो हवेच्या गनने आवळून चौकोनी खाच गोल करून ठेवली होती. हे लोक पुढच्या माणसाचा विचार का करत नाहीत, मला खरंच कळत नाही. वीस सेकंद वाचवायची, आणि पुढच्याने तासभर पाठीवर पडून राहायचं.

खाच तारेच्या ब्रशने घासली, गंज सोडवणारं तेल मारलं, पंधरा मिनिटं थांबलो, हातोडीने टकटक केली, मग लांब दांड्याने जोर लावला. मला हवा होता तो सॉकेट टूलबॉक्समध्ये होता आणि टूलबॉक्सवर काका बसले होते. दोनदा उठवावं लागलं.

ड्रेन बोल्टच्या चुंबकाला राखाडी लगदा चिकटला होता. तो नेहमीचाच. कपच्या किंवा दातांचे तुकडे निघाले असते तर कव्हर उघडायची वेळ. ऑइल दुधाळ असतं तर पाणी शिरलेलं, आणि मग आधी ब्रीदर, म्हणजे डब्यातली हवा बाहेर सोडणारं तोंड, बघायचा. तो चिखलाने बुजला की आतली गरम हवा सीलमधून ऑइल ढकलते आणि लोक सील बदलत बसतात.

नवं गिअर ऑइल, 75डब्ल्यू-90 जाडीचं, जीएल-5 दर्जाचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, वरच्या भोकातून बाहेर पाझरेपर्यंत भरलं. ट्रक सपाट जागी हवा, नाहीतर पातळी खोटी दाखवते. त्या ऑइलमधल्या गंधकाचा वास तीन साबण लावूनही हाताला आहे. जेवताना जास्तच येतो.

मी बाहेर निघालो तेव्हा काका रस्त्यापलीकडच्या कुणाला तरी माझ्याकडे बोट दाखवून सांगत होते, "काही नाही हो, बेअरिंग गेलं होतं. मी सांगितलं तेव्हा कळलं त्यांना."