खात नाही म्हणून लगेच सलाईन लावू नका

ॲनोरेक्सिया म्हणजे स्वतःला उपाशी ठेवत वजन धोकादायक पातळीपर्यंत घटवण्याचा मानसिक आजार. त्याचा रुग्ण सुरुवातीला मानसोपचाराच्या ओपीडीत क्वचितच येतो. तो पोटाच्या तक्रारी घेऊन येतो. दोन घासांत पोट फुगतं, ॲसिडिटी होते, पाळी थांबलीय. मग एंडोस्कोपी, थायरॉईड, टीबीच्या तपासण्या होतात आणि रिपोर्ट नॉर्मल येतात. 'मला जाड व्हायची भीती वाटते' असं आपल्याकडचे बरेच रुग्ण म्हणतच नाहीत, म्हणून निदान लांबतं. त्यात सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी करत मुलीचे जेवणाचे दिवस कमी होत जातात आणि घरात त्याचं कौतुक होतं. मुलग्यांच्या बाबतीत तर हा विचारच कुणाच्या मनात येत नाही.

अशा वेळी वॉर्डातल्या सिस्टरला खरी माहिती टीपीआर चार्ट (तापमान, नाडी, श्वास यांची नोंद) देतो. जागेपणी नाडी ५० च्या खाली, बीपी ९०/४५ पेक्षा कमी, तापमान ३५.६ अंश सेल्सिअसखाली, यातलं एकही किशोरवयीन रुग्णात दिसलं तरी डॉक्टरांना लगेच कळवा. 'खेळाडू असेल, म्हणून नाडी मंद' असं समजू नका. बीपी आणि नाडी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर अशी दोन्ही वेळा मोजा. हात बर्फासारखे गार, गालावर-पाठीवर बारीक लव, केस गळणं या खुणा पाहा. सपाट झोपलेल्या रुग्णाला हातांचा आधार न घेता उठून बसायला सांगा, मग उकिडवं बसून तसंच उभं राहायला. जमत नसेल तर स्नायू झिजले आहेत, रुग्ण कितीही 'मी ठीक आहे' म्हणाली तरी.

बुलिमियात (भरमसाठ खाऊन मग उलटी करून ते बाहेर काढण्याचा आजार) वजन नॉर्मल असू शकतं, म्हणून तो सहज निसटतो. बोटांच्या पेरांवर घट्टे, कानाखाली सुजलेले गाल, वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजलेली आणि रक्तात पोटॅशियम कमी, एवढं एकत्र दिसलं तर उलटीबद्दल एकांतात, शांतपणे विचारा. (उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, हेही सांगा. इनॅमल वाचतं.)

आता सलाईन. अशक्तपणा म्हटलं की नातेवाईक बाटली मागतात आणि ग्लुकोजची बाटली लागते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीत ग्लुकोज असतं फक्त २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम शंभर कॅलरी. पोषण म्हणून ते नगण्य, पण उपाशी शरीरात इन्सुलिन उसळायला पुरतं. इन्सुलिन फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींत ओढून घेतं. साठा आधीच रिकामा असल्याने रक्तातली पातळी कोसळते. मग पायांवर सूज, धाप, हृदयाची अनियमित गती, गोंधळलेपण, कधी मृत्यू. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. आईने प्रेमाने डब्यातून आणलेले तुपातले लाडू आणि शिरा एकदम भरवला तरी हेच होऊ शकतं.

म्हणून बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १६ च्या खाली किंवा दहाहून अधिक दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, तर खाणं वाढवण्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) सुरू झालंय का, हे सिस्टरने विचारलंच पाहिजे. प्रौढांत २०० ते ३०० मिलिग्रॅम रोज, पहिले दहा दिवस. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम सुरुवातीला रोज, सोबत ईसीजी. दाखल होतानाचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका, घसरण खाणं सुरू झाल्यावर होते. फार जोखमीच्या प्रौढ रुग्णाला दर किलोमागे दिवसाला १० कॅलरीपासून सुरुवात करून चार ते सात दिवसांत पूर्ण गरजेपर्यंत न्यायचं असतं. ३५ किलोला ३५० कॅलरी! हा आकडा धरून आठवडाभर बसणंही तितकंच घातक आहे, रुग्ण उपासमारीनेच जाईल. किशोरवयीनांत रक्ततपासणीच्या देखरेखीखाली बहुधा याहून बऱ्याच जास्त कॅलरीपासून सुरुवात करतात. दूध, ताक, पनीर उपयोगी, कारण त्यातून फॉस्फरस मिळतो.

जेवणाच्या वेळी शेजारी बसणं हे औषध देण्याइतकंच नर्सिंगचं काम आहे, आणि वॉर्डातल्या मनुष्यबळाच्या हिशेबात ते धरलं जात नाही याची आम्हाला खंत आहे. तीन जेवणं, तीन मधली खाणी. जेवणाला अर्धा तास, मधल्या खाण्याला पंधरा मिनिटं. नंतर तासभर बाथरूममध्ये एकटं सोडायचं नाही. ताटावर बसून कॅलरींची घासाघीस करायची नाही, आहार आधीच ठरलेला असतो. 'कठीण जातंय हे दिसतंय, पुढचा घास घेऊ या' एवढं पुरतं. भात कणाकणाने खाणं, पोळीचे नखाएवढे तुकडे करणं हा हट्ट नव्हे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं, तेव्हा तेही अन्नाशी असंच वागू लागले होते.

वजन सकाळी, लघवीनंतर, फक्त गाऊनवर. वजन अचानक वाढलं आणि लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता) १.००५ च्या खाली असेल, तर भरपूर पाणी पिऊन काट्यावर उभं राहिल्याचा संशय घ्या आणि सोडियम तपासा. 'आता जरा भरलीस, छान दिसतेस' हे वाक्य नातेवाइकांनाही बोलू देऊ नका, पुढचं जेवण बंद पडतं.

घरी सोडताना स्वयंपाकाची आणि ताट वाढण्याची जबाबदारी काही महिने आईवडिलांकडेच राहील, हे रुग्णासमोर स्पष्ट बोला. उलटी, बेशुद्धी किंवा छातीत धडधड झाली तर थेट इमर्जन्सीत. मानसिक आधारासाठी टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक डिस्चार्ज कार्डावर लिहून द्या.