‘माशी ३० टक्के जास्त जगली’ यावरून माणसाबद्दल काय कळतं?

सप्लिमेंटच्या जाहिरातींसोबत एक मजकूर बराच फिरतो आहे. अमुक अर्क खाऊन फळमाश्या ३० टक्के जास्त जगल्या. माणसाच्या आजारांशी निगडित ७५ टक्के जनुकं माशीतही आहेत. म्हणून हा अर्क आपलंही आयुष्य तेवढंच वाढवेल, आणि नैसर्गिक असल्याने अपाय होणार नाही, असं त्यात म्हटलंय. हे वाचून लोक खरोखर गोळ्या सुरू करतात, म्हणून यातला एकेक दावा तपासू.

‘३० टक्के जास्त जगल्या.’ कोणापेक्षा? २५ अंश सेल्सिअसला नीट वाढवलेल्या बहुतेक वाणांच्या निम्म्या माश्या साठेक दिवस तरी सहज पार करतात. तुलनेच्या गटातल्या माश्या चाळिसाव्या दिवशीच निम्म्यावर आल्या आणि अर्कवाल्या बावन्नाव्या दिवशी, तरी वाढ ३० टक्केच भरते. पण इथे आयुष्य वाढलेलं नाही. आजारी कुपीतल्या माश्या थोड्या कमी आजारी राहिल्या, इतकंच. त्यामुळे टक्केवारीच्या आधी तुलनेचा गट किती दिवस जगला ते पाहावं.

‘अर्क खाऊन.’ माझा सर्वांत मोठा आक्षेप इथे आहे. माशीला गोळी देता येत नाही. पदार्थ तिच्या साखर-यीस्टच्या अन्नातच मिसळावा लागतो. तो कडू असेल तर माशी कमी खाते. आणि यीस्ट कमी मिळालं की माशी जास्त जगते, विशेषतः मादी, हे वर्षानुवर्षं दिसत आलेलं आहे. ती अंडीही कमी घालते. म्हणजे अर्कात काहीच गुण नसला, तरी निव्वळ अर्धपोटी राहून आयुष्य वाढल्याचं दिसू शकतं. म्हणून माशीने किती खाल्लं हे रंगीत अन्नाने किंवा बारीक काचनळीतून मोजावं लागतं, अंडी मोजावी लागतात. हे मोजमाप नसेल, तर श्रेय अर्काला द्यायचं की उपासमारीला, हे ठरवताच येत नाही.

वाणाचाही, म्हणजे माश्यांच्या जनुकीय पार्श्वभूमीचाही, प्रश्न आहे. लाल द्राक्षांत असणाऱ्या रेझव्हेराट्रॉलने माश्या जास्त जगतात असं २००४ मध्ये प्रसिद्ध झालं. २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांना तो परिणाम मिळाला नाही. ज्या सर-२ जनुकामार्फत हे घडतं असं मानलं जात होतं, त्याचाही माशीतला आयुर्मानावरचा परिणाम २०११ मध्ये, तुलनेच्या दोन्ही गटांतल्या माश्यांची जनुकीय पार्श्वभूमी सारखी केल्यावर, टिकला नाही.

‘आजारांची ७५ टक्के जनुकं सारखी.’ आकडा ढोबळमानाने बरोबर आहे, निष्कर्ष नाही. प्रौढ माशीच्या बहुतेक पेशी विभाजन पावत नाहीत, त्यामुळे माणसांचे बळी घेणारे अनेक कर्करोग तिथे तपासलेच जात नाहीत.

‘माणसातही तेवढंच.’ अमेरिकेत तीन केंद्रांवर एकाच वेळी, जनुकीय वैविध्य असलेल्या उंदरांवर असे पदार्थ तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. माशीत आशादायक ठरलेले रेझव्हेराट्रॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन तिथे आयुष्य वाढवू शकले नाहीत. माश्या निरुपयोगी आहेत असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. रॅपामायसिन माशीतही चाललं आणि २००९ मध्ये याच कार्यक्रमात, ६०० दिवसांच्या म्हाताऱ्या उंदरांना देऊनही चाललं. पण ते प्रतिकारशक्ती दाबणारं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचं औषध आहे. आणि त्याने माणसाचं आयुष्य वाढतं असं अजून सिद्ध झालेलं नाही.

‘नैसर्गिक, म्हणून अपाय नाही.’ गाजरात असणारं बीटा-कॅरोटीन नैसर्गिकच आहे. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर त्याची चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त आढळला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी, ज्यात त्याच्या जोडीला अ जीवनसत्त्वही दिलं जात होतं, १९९६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली.