रात्री डॉक्टरला घरी बोलवायचंय? मग असं करा

परवा रात्री अडीचला एका घरी गेलो. फोनवर सांगितलं होतं, श्वास लागलाय, ताप १०४, धावत या. चार जिने चढून श्वास लागला तो मला. पेशंट सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता, ताप ९८ आणि उद्याच्या सुट्टीसाठी सर्टिफिकेट पाहिजे. तेव्हा थोडं शहाणपण आलं, ते तुम्हालाही देतो, फुकट आहे.

फोनवर आठवतील तेवढी लक्षणं सांगा, छातीत दुखणं तर हवंच, ते टाइप झालं की तुमचा नंबर आपोआप वर सरकतो.

ताप कधीपासून विचारलं की म्हणा, "झाले असतील दोन-चार दिवस."

कुत्रा बांधू नका.

फोन शक्यतो रविवारी नाहीतर सणाच्या रात्री करा. दवाखाने बंद, त्यामुळे कॉलचा आलेख तसाही उभा चढतो, त्यात तुमचा एक. ही साथ आहे की नुसती सुट्टी, हे शोधायला साथींवर नजर ठेवणारे आकडेवाले मागच्या वर्षांचे तेच आठवडे काढून बसतात, बसू देत बिचाऱ्यांना.

आणि मी टॅबवर निदान भरत असताना "फ्लू नका लिहू हो, अशक्तपणा लिहा" हे सांगायला विसरू नका. मी हौसेनेच भरतो ना ते! अहो, लॅबचा रिपोर्ट यायला वेळ लागतो, निम्म्या लोकांची तर टेस्टच होत नाही, पण घरी जाऊन तपासलेल्या पेशंटचं वय, भाग, फोनचं कारण आणि निदान सकाळपर्यंत त्या आकडेवाल्यांकडे गेलेलं असतं, नाव जात नाही, घाबरू नका. फ्रान्समध्ये २००३ च्या ऑगस्टमधल्या उष्म्यात सुमारे १५,००० माणसं गेली, त्यात कितीतरी म्हातारी, घरात एकटी, आणि वरच्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. मग त्यांनी इमर्जन्सी वॉर्डांच्या आणि एसओएस मेदसँच्या, म्हणजे १९६६ पासून घरोघर जाणाऱ्या डॉक्टरांच्या, नोंदी रोजच्या रोज बघायला सुरुवात केली. फ्लू, जुलाब, तान्ह्यांचा ब्राँकिओलायटिस (छातीतल्या बारीक श्वासनळ्या सुजून श्वास लागतो तो), उन्हाचा त्रास, सगळं त्यात लवकर दिसतं. दिसतं म्हणजे, लोक खरं बोलले तर. खोटा "श्वास लागलाय" तिथे खऱ्याच्या शेजारीच मोजला जातो, मी नंतर निदानात काहीही भरलं तरी कारणाच्या रकान्यात तो तसाच राहतो.

आता सरळच बोलतो. त्या मॅचवाल्याच्या मागे पाऊण तास एक आई थांबली होती. पाच महिन्यांचं बाळ, दूध सोडलेलं, प्रत्येक श्वासाला बरगड्या आत जात होत्या. त्या रात्रीचं ते तिसरं तसलं बाळ, म्हणजे साथ सुरू झालीच होती, आणि मी कुठे होतो तर सर्टिफिकेट लिहीत. लाज वाटत नाही का हो? सुट्टी पाहिजे तर सकाळी दवाखान्यात या, रांगेत बसा, मागा. रात्री अडीचला १०४ सांगू नका, थर्मामीटर घरात आहे ना, लावून बघा आणि जो आकडा दिसतो तोच सांगा.