टीओसीचं पुस्तक उघडायच्या आधी चिप-८ चा एम्युलेटर लिहा

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पोरांना माझं एकच सांगणं असतं, टीओसीच्या (थिअरी ऑफ कम्प्युटेशन) पेपरसाठी डीएफएच्या (मोजक्या अवस्थांच्या काल्पनिक मशीनच्या) आकृत्या पाठ करत बसण्याआधी सुट्टीत चिप-८ चा एम्युलेटर, म्हणजे त्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम लिहा, पायथनमध्ये लिहा नाहीतर सीमध्ये, कशातही चालेल.

चिप-८ च का, तर ही मशीन हार्डवेअर म्हणून कधी नव्हतीच. १९७० च्या दशकात आरसीए या अमेरिकन कंपनीतल्या जोसेफ वाइसबेकरने कॉस्मॅक व्हीआयपी या छोट्या कॉम्प्युटरवर हौशी लोकांना गेम लिहिणं सोपं जावं म्हणून एक काल्पनिक मशीन आखली आणि खऱ्या १८०२ प्रोसेसरवर तिची नक्कल करणारा इंटरप्रिटर लिहिला, तोही फक्त ५१२ बाइटमध्ये!! मेमरीची सुरुवातीची जागा त्या इंटरप्रिटरने अडवलेली, म्हणून चिप-८ चे प्रोग्रॅम सहसा आजही ५१२ या पत्त्यापासून सुरू होतात. म्हणजे आपण लिहितो तो नकलेचाच एम्युलेटर. आणि गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९३६ च्या पेपरात मांडलेली युनिव्हर्सल मशीन तरी दुसरं काय करते, दुसऱ्या मशीनचं वर्णन टेपवर डेटा म्हणून घेते आणि ती जे करेल ते करून दाखवते. वर्गात हे फळ्यावर येतं आणि तास संपला की पुसलं जातं, पण स्वतःच्या व्हाइल लूपमध्ये दोन बाइट उचल, ओपकोड (कुठली इन्स्ट्रक्शन ते सांगणारा आकडा) ओळख, रजिस्टर (प्रोसेसरमधली किंमत ठेवायची छोटी जागा) बदल, परत पुढचे दोन बाइट असं चालताना बघितलं की ते डोक्यात कायमचं बसतं.

मला सगळ्यात भारी वाटतं ते हॉल्टिंगचं, म्हणजे प्रोग्रॅम कधी थांबणार की नाही हे ओळखण्याचं. मूळ चिप-८ मध्ये थांबायची इन्स्ट्रक्शनच नाही, काम संपलं की प्रोग्रॅम स्वतःवरच जंप मारत राहतो. मग हा संपलाय हे एम्युलेटरने ओळखायचं कसं? स्वतःवरची जंप पकडणं सोपं आहे, पण शंभर इन्स्ट्रक्शनचं चक्र असेल तर? कीबोर्ड, टायमर आणि रँडम बाजूला ठेवा, मशीनची पूर्ण स्टेट (मेमरी, रजिस्टर सगळं मिळून त्या क्षणीची अवस्था) जशीच्या तशी परत आली की समजायचं ती कायमची फिरत राहणार, आणि मेमरी ४०९६ बाइटचीच असल्यामुळे याचं उत्तर तत्त्वतः नक्की काढता येतं. पण नुसत्या त्या मेमरीच्या शक्य स्टेट किती, तर २ चा ३२७६८ वा घात, म्हणजे ९८६५ आकडी संख्या! ट्युरिंगच्या टेपला शेवट नाही म्हणून तिथे सगळ्या प्रोग्रॅमना लागू पडेल अशी रीतच नाही, इथे रीत आहे पण सगळ्या स्टेट तपासायला विश्वाचं आयुष्य पुरणार नाही. डिसायडेबल (उत्तर काढायची नक्की रीत असणं) आणि प्रॅक्टिकल यातला हा फरक मला कुठल्याच नोट्समध्ये एवढा स्वच्छ दिसला नाही.

स्पेसिफिकेशन काटेकोर का लागतं तेही इथेच कळतं. शिफ्टची (बिट एक घर सरकवायची) इन्स्ट्रक्शन व्हीआयपीवर एका रजिस्टरमधली किंमत शिफ्ट करून दुसऱ्यात ठेवायची, १९९० मध्ये एचपी-४८ कॅलक्युलेटरवर चिप-४८ आलं त्यात ती त्याच रजिस्टरमध्ये व्हायला लागली, आणि आता काही गेमना पहिलं वागणं लागतं तर काहींना दुसरं.

सुरुवात करायची असेल तर आयबीएमचा लोगो काढणारा छोटा प्रोग्रॅम मिळवा, त्याला सहाच इन्स्ट्रक्शन पुरतात: स्क्रीन पुसणं, जंप, रजिस्टरमध्ये किंमत टाकणं, त्यात मिळवणं, इंडेक्स (मेमरीतला पत्ता) ठरवणं आणि स्प्राइट (छोटं चित्र) काढणं. अडलात तर कमेंटमध्ये कोड टाका, मी बघतो.