किरायाच्या खोलीला लग्नाचा दाखला लागत नाही

वणी-पांढरकवड्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "लग्नाशिवाय एका खोलीत राहणं गुन्हा आहे. करारात नाव नसेल तर मालक केव्हाही बाहेर काढू शकतो. अशा बाईला कायद्यानं काहीच मिळत नाही." हा मेसेज दाखवून पोरापोरींना खोल्या खाली करायला लावतात, म्हणून लिहितोय.

पहिलं वाक्य साफ खोटं. दोन सज्ञान माणसं मर्जीनं एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2010 मध्ये अभिनेत्री खुशबूच्या प्रकरणात सांगितलंय. गाव नाक मुरडेल, पण नाक मुरडण्यावरून गुन्हा दाखल होत नाही.

दुसऱ्या वाक्यानं जास्त नुकसान होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्ही तिघं मित्र तालुक्याला एका खोलीत राहायचो. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी परत आलो तर कूलर, शेगडी, पुस्तकांची पेटी ओट्यावर आणि दाराला नवं कुलूप. मुकाट निघालो. महिन्याच्या किरायावर तोंडी बोलीनं राहणाऱ्यालाही ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम 106 प्रमाणे 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हे तेव्हा कुठं माहीत होतं! नोटिशीनंतरही किरायदार निघाला नाही तर मालकानं कोर्टात जायचं असतं, कुलूप ठोकायचं नसतं. जबरदस्तीनं काढलं तर स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो. तिथं घर कोणाच्या मालकीचं हे बघत नाहीत, ताबा कोणाचा होता ते बघतात.

मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच: करारात नाव नसलेला रूममेट स्वतः किरायदार ठरत नाही. नाव असलेला सोडून गेला की याची बाजू लंगडी पडते. म्हणून सगळ्यांची नावं घाला. मालक ऐकत नसेल तर निदान आपला वाटा त्याच्या खात्यात थेट टाका, नोंद राहते.

तिसरं वाक्य बाईला घाबरवण्यासाठीच लिहिलंय. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लग्नासारखं नातंही धरलंय आणि करार फक्त पुरुषाच्या नावावर असला तरी किरायाचं घर 'सामायिक घर', म्हणजे दोघांचं राहतं घर, मानलंय. तो मारहाण करून हाकलत असेल तर कोर्ट तिला तिथंच राहू द्यायचा किंवा दुसऱ्या खोलीचा किराया त्याला भरायला लावायचा आदेश देऊ शकतं. मात्र दोघं बराच काळ नवरा-बायकोसारखे राहिलेले आणि लग्नाला मोकळे असावे लागतात. नुसत्या रूममेटला हा कायदा नाही. अर्ज संरक्षण अधिकारी (या कायद्याखाली सरकारनं नेमलेले) लिहून देतात, तो तालुक्याच्याच कोर्टात चालतो. नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत.