त्सेत्से माशी आणि निळे कापड : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

त्सेत्से माशीच्या चाव्यातून परजीवी शरीरात शिरून होणाऱ्या निद्रारोगावरील माझ्या लेखावर आपला आक्षेप असा आहे की, वर्षानुवर्षे फवारण्या करूनही डास हटले नाहीत, तेव्हा नदीकाठी कापडाचे तुकडे रोवून आफ्रिकेतील त्सेत्से माशी आटोक्यात येईल असे मानणे भाबडेपणाचे आहे, माशी पुन्हा परत येईलच, आणि तो पैसा औषधांवरच खर्च व्हायला हवा. आक्षेप गंभीर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डासांचा अनुभव त्सेत्सेला लागू पडत नाही, याचे कारण तिच्या प्रजननात आहे. डासाची मादी एका खेपेला शंभर-दीडशे अंडी घालते. त्सेत्सेची मादी मात्र अंडी घालतच नाही. तिच्या गर्भाशयात एका वेळी एकच अळी वाढते, आईच्या ग्रंथीतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर पोसली जाते आणि नऊ-दहा दिवसांनी बाहेर येते, तेव्हा तिचे वजन जवळजवळ आईइतके असते. सावलीतल्या भुसभुशीत मातीत ती लगेच शिरते, तिथे तिचा कोष होतो आणि त्यातून माशी निघायला साधारण महिना लागतो. इतक्या सावकाश वाढणाऱ्या माशीच्या माद्यांपैकी रोज शेकडा चार जादा मरत राहिल्या, तरी तिची संख्या घसरतच जाते. डास एवढी तूट सहज भरून काढतात.

कापडाकडून अपेक्षा आहे ती एवढ्याच मरणाची. युगांडा आणि चाडमध्ये वापरला जाणारा हा पडदा पाव मीटर उंच आणि अर्धा मीटर रुंद असतो. त्याचा अर्धा भाग निळे कापड, अर्धा काळी जाळी, आणि दोन्हींवर डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक चढवलेले. नदीकाठची माशी निळ्या रंगाकडे ओढली जाते, घिरट्या घालताना जाळीवर आपटते आणि कीटकनाशकाने मरते. नर आणि मादी दोघेही केवळ रक्तावर जगत असल्याने दोघेही भक्ष्याच्या शोधात इथे येतात. फवारणीने जमिनीतला कोष मरत नाही. म्हणूनच बोत्सवानातील ओकावांगो खोऱ्यात २००१-०२ मध्ये विमानातून ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा फवारावे लागले. पडदा मात्र जागेवर उभा राहून नव्याने निघणाऱ्या माश्यांचीही वाट पाहतो.

औषधांचे महत्त्व मी मुळीच कमी लेखत नाही. १९९८ मध्ये निद्रारोगाच्या सुमारे ३८ हजार रुग्णांची नोंद झाली होती आणि २०१८ मध्ये ती हजाराच्या आत आली, याचे मुख्य श्रेय गावोगावी जाऊन केलेल्या तपासणीला आणि उपचारांनाच आहे. ज्या मेलार्सोप्रोलने उपचार घेणाऱ्या शंभरातले पाच जण दगावत, त्या आर्सेनिकयुक्त औषधाऐवजी आज बहुतेकांना फेक्सिनिडाझोलच्या गोळ्या देता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे. परंतु पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतील निद्रारोगाच्या प्रकारात परजीवी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, ठळक लक्षणांशिवाय शरीरात राहतो. असा माणूस तपासणीला येत नाही; माशी मात्र त्याला चावतच असते. चाडमधील मांदुलच्या दलदलीत २०१४ पासून तपासणीला पडद्यांची जोड मिळाली आणि रुग्णसंख्या झपाट्याने उतरली. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशातून हा प्रकार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे मान्य केले.

माशी परत येते, ही आपली शंका मात्र रास्त आहे. प्रिन्सिपे बेटावरून १९१४ पर्यंत ती नाहीशी झाली होती, पण १९५६ मध्ये पुन्हा सापडली. मांदुलची दलदल इतर वस्तीस्थानांपासून तुटलेली आहे. जिथे तशी स्थिती नाही, तिथे पुराने वाहून गेलेले आणि गवताने झाकलेले पडदे वेळोवेळी बदलण्याचा खर्च सुरुवातीपासूनच अंदाजपत्रकात धरायला हवा.