भाकरी-चटणीच्या ताटात प्रोटीन आहे

‘आपल्या घरच्या जेवणात प्रोटीनच नसतं. भाकरी म्हणजे नुसती कर्बोदकं, चटणी तोंडी लावण्यापुरती, भाज्या तेलात बुडालेल्या. ताकद हवी तर पावडर घ्या,’ असा मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. पोरांनी तो मनावर घेतलाय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी भाकरी. जोंधळ्याच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात, पांढऱ्या तांदळापेक्षा जास्तच. त्यात लायसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी पडतं, हे खरं. पण कोरडी भाकरी खातं कोण? सोबत मटकीची उसळ नाहीतर हुलग्याची आमटी असते, आणि जोंधळ्यात जे कमी ते कडधान्यात भरपूर.

चटणीबद्दल लिहिणाऱ्यानं आपल्याकडची शेंगाचटणी पाहिलेलीच नसावी. भाजलेले दाणे, लसूण, जिरं, लाल तिखट आणि मीठ उखळात घालून कुटत राहायचं. दाण्यांना तेल सुटून चटणी मुठीत वळायला लागली की झाली. ताटात ती बोटभर नव्हे, चांगली दोन चमचे पडते, वर घट्ट दही. शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. जवसाच्या चटणीतून ओमेगा-३ हे चांगलं स्निग्ध आम्ल मिळतं ते वेगळंच. अख्खं जवस बरंचसं न पचता बाहेर पडतं. भाजून कुटलं की अंगी लागतं. आपल्या बायकांनी ते कुटूनच वाढलं.

एण्णेगायीत, म्हणजे आपल्या भरल्या वांग्यात, तेल सढळ पडतं, मान्य. मग हात आखडता घ्या. वांग्याच्या पोटातलं दाणे, तीळ, कारळ्याचं सारण त्यानं कमी होत नाही.

आता हिशेब. दोन भाकऱ्यांचे १२ ग्रॅम, वाटीभर उसळीचे ७, चटणीचे ४-५, वाटीभर दह्याचे ३. एका जेवणात २५ च्या वर. आयसीएमआर म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे ६० किलो वजनाच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम लागतात. अशी दोन जेवणं झाली की भागलं. तालमीत घाम गाळणाऱ्याला जास्त लागतं. त्यानं अंडी, दूध, डाळ वाढवावी.



एका ठिकाणी मात्र त्या मजकुरात तथ्य आहे. थापायला वेळ नाही म्हणून बऱ्याच घरांतून भाकरी सुटली. दोन्ही वेळा भात आणि पातळ सार एवढंच उरलं. त्या ताटात प्रथिनं खरंच कमी पडतात. पण त्यावर हजारोंचा डबा कशाला? आठवड्यातून तीन-चारदा मटकी भिजत घाला, मोड आणा, आणि सारात डाळ जरा दाट ठेवा.